दुर्बीण सहज फिरते का?

दुर्बीण म्हटली की सगळे आरशाविषयी आणि भिंगाविषयी विचारतात. किती इंची आहे? चंद्र केवढा दिसतो? ती सहज फिरते का, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही शाळांत आणि अभ्यासिकांत कपाटावर धूळ खात पडलेल्या ज्या दुर्बिणी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचा आरसा चांगला होता. अडले होते ते त्यांचे फिरणे.

फिरण्याला एवढे महत्त्व का, ते आधी पाहू. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून आभाळ आपल्या डोक्यावरून सतत सरकत असते. नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही. पण १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सहा इंची दुर्बिणीला १० मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, बसवले की वस्तू १२० पट मोठी दिसते आणि सरकणेही तेवढेच वाढते. त्या वेळी आभाळाचा जो तुकडा आपल्याला दिसतो, तो पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडा लहानच असतो. मध्यावर आणलेला गुरू पाऊण-एक मिनिटात कडेबाहेर निघून जातो.

आता रांगेत वीस-पंचवीस मुले उभी आहेत असे समजा. प्रत्येकाच्या आधी दुर्बीण केसभर सरकवावी लागते. ती केसभर सरकत नसेल, हात दाबल्यावर एकदम बोटभर उडी मारत असेल, तर पुढच्या मुलाला नुसते काळे आभाळ दिसते. आणि आमचा अनुभव असा, की ते मूल ‘दिसलं नाही’ असे म्हणत नाही. मागे रांग असते, सर उभे असतात. ते ‘दिसलं’ म्हणते आणि बाजूला होते. वर्गणी काढून आणलेल्या वस्तूचा याहून मोठा अपव्यय कोणता?

आपल्याकडे हौशी मंडळींकडे जी साधी, खोक्यावर बसवलेली दुर्बीण दिसते, तिला डोबसोनियन म्हणतात. जॉन डोबसन हे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचे. तिथल्या मठात ते साधू होते. मठात राहून दुर्बिणी करण्याचा नाद लागला आणि १९६७ साली मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी सोबत्यांसह रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आभाळ दाखवायचे काम सुरू केले. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे खोके, जहाजाच्या खिडकीची टाकाऊ काच घासून केलेला आरसा, असे त्यांचे साहित्य. २०१४ साली वयाच्या ९८ व्या वर्षी ते वारले. या रचनेचे त्यांनी पेटंट घेतले नाही, म्हणून आज ती कोणीही सुतार बनवू शकतो.

या खोक्यात बॉल बेअरिंग नसते. तळाच्या पाटावर टेफ्लॉनच्या तीन लहान चकत्या, आणि त्यांच्यावर खोक्याची सनमायका लावलेली बूड. नळीच्या दोन बाजूंना दोन गोल कान असतात, तेही टेफ्लॉनवरच टेकतात. बस्स, एवढेच.

टेफ्लॉन कशासाठी? भरलेली लोखंडी ट्रंक जमिनीवरून ढकलून पाहा. आधी हलतच नाही, जोर लावला की भस्सकन पुढे जाते. हलवायला लागणारा जोर जास्त आणि हलत ठेवायला लागणारा कमी, म्हणून असे होते. टेफ्लॉन आणि सनमायकाच्या जोडीत हे दोन्ही जोर जवळजवळ सारखे असतात. त्यामुळे बोटाने जेवढे ढकलू तेवढीच दुर्बीण सरकते आणि हात काढला की जागेवर थांबते. बेअरिंगवर बसवली तर ती वाऱ्यानेसुद्धा फिरेल.

आमच्या अभ्यासिकेने २०२२ साली अशी दुर्बीण घेतली. २०२४ च्या पावसाळ्यानंतर ती अडखळू लागली. त्या डिसेंबरात गुरू वृषभ राशीत रात्रभर झळकत होता आणि गच्चीवरचा कार्यक्रम मात्र फसला. कोणी म्हणाले आरशाला बुरशी लागली, नवी घ्यावी लागेल. एका उत्साही कार्यकर्त्याने शिलाई मशीनचे तेल सोडले. दोन दिवस बरी चालली, मग पहिल्यापेक्षा जड झाली. शेवटी गिरणीत फिटर असलेल्या आमच्या वस्तीतल्या एका काकांना बोलावले.

“काका, तेल कमी पडलं का?”

“अरे बाबा, तेल लोखंडाला. या पांढऱ्या चकतीला तेल कशाला? उघड आधी.”

उघडले तर तेल आणि धूळ मिळून काळा चिकट लेप झालेला. एका चकतीचा स्क्रू वर आला होता आणि सनमायकावर गोल चरा पाडत होता. तळाचा पाट भुशाच्या बोर्डाचा. त्याची कड ओल लागून फुगली होती. आणि मधला बोल्ट कोणीतरी चांगला कचकचून आवळला होता. आरशाला काहीही झाले नव्हते.

दुरुस्ती दुपारभराची. नळी उचलून कापड झाकून बाजूला ठेवावी. मधला बोल्ट काढून खोके उचलावे. सनमायका साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. तेल असेल तर स्पिरिटने. चकत्यांचे स्क्रू टेफ्लॉनच्या पातळीखाली बसवावेत, आणि प्रत्येक चकती खालच्या पायाच्या बरोबर वर आहे ना ते पाहावे, नाहीतर पाट वाकतो. फुगलेली कड वाळवून, घासून, तिला रंग द्यावा. बोल्ट हाताला लागेल इतकाच आवळावा. नायलॉनचा नट वापरला तर तो आपोआप सैल होत नाही. एवढे करूनही गोल फिरायला जड जात असेल, तर बोल्टाभोवती पातळ प्लॅस्टिकचे एक-दोन वायसर घालावेत. थोडे वजन मध्यावर येते आणि चकत्या हलक्या होतात. आम्हाला एकूण खर्च आला तो नटाचा आणि वायसरचा.

नळी वर-खाली करताना आपोआप तोंडाकडे झुकत असेल तर कान घट्ट करू नका. जड नेत्रिकेमुळे तोल गेलेला असतो. मागच्या टोकाला वजन बांधा.

नेत्रिका पुढे-मागे करणारा भाग, फोकसर, दोन प्रकारचा असतो. दातेरी पट्टी असेल तर जुने ग्रीस पुसून नवे पांढरे लिथियम ग्रीस नखभर लावावे. दाते नसून गुळगुळीत दांडा आणि रूळ असेल तर तो क्रेफर्ड जातीचा. तो घर्षणावरच चालतो, त्याला ग्रीस लावले की संपले. या कामाला नळी आडवी करून फोकसर जमिनीकडे वळवावा, म्हणजे हातून सुटलेला स्क्रू आरशावर न पडता बाहेर पडतो.

तिपाईवरच्या दातेरी चाकांच्या दुर्बिणीचे प्रकरण वेगळे आहे. तिथे ग्रीस लागतेच. पण नळी हाताने वळवण्याआधी तिचा खटका सैल करा आणि वजनाने तोल साधा. चाके झिजतात ती बहुतेक या दोन गोष्टींमुळे.

दुर्बीण सहज फिरू लागली की लहान मुलेही ती फिरवणार. म्हणून दिवसा तोंडावर झाकण असलेच पाहिजे. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिले तर डोळा क्षणात कायमचा जातो.

पावसाळ्यात खोके फरशीवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर ठेवावे, आणि नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात. दिवाळी झाली की एकदा सगळे उघडावे. बोल्ट कधी उघडला, काय बदलले, हे एका वहीत लिहून ठेवावे. आमच्याकडे ती वही नववीतली एक मुलगी सांभाळते. पानाही तिच्याकडेच असतो.