उजवा हात कोणाचा?
शरीररचनाशास्त्रात उजवं-डावं नेहमी रुग्णाचं धरतात, बघणाऱ्याचं नाही. माणूस सरळ उभा, तळहात पुढे, अंगठे बाहेर अशी कल्पना करायची. प्रत्यक्षात तो खाटेवर झोपलेला का असेना! म्हणून करंगळी ‘मीडियल’, म्हणजे मध्यरेषेजवळची, आणि अंगठा ‘लॅटरल’.

मला सगळ्यात आवडतात ते ‘सुपाइन’ आणि ‘प्रोन’. त्यांना आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत: उताणा आणि पालथा. हातालाही तेच लागू. तीर्थ घेताना धरतो तसा तळहात उताणा धरा. कोपरापुढची दोन्ही हाडं आता समांतर आहेत. हात पालथा केलात की अंगठ्याकडचं रेडियस अल्नावरून तिरकं जातं. दुसऱ्या हाताने मनगटाजवळ चाचपून बघा, ते फिरताना स्पष्ट जाणवतं.