पिकअपला मोठा अल्टरनेटर बसवताय? आधी वायर बघा

डिझेल पिकअपवर १०० वॅटचे चार जादा दिवे लावले, की १४ व्होल्टला साधारण २९ अँपिअर करंट जास्त लागतो. मूळ अल्टरनेटरला तो झेपला नाही, तर उरलेला भार बॅटरीवर येतो आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. मग समजा, ७० ऐवजी १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. पण अल्टरनेटर ते बॅटरी ही जुनी बारीक वायर तशीच ठेवली, तर ती तापते. इन्सुलेशन वितळून आगही लागू शकते. जाड केबल आणि तिला साजेसा फ्यूज हवाच. नेमके इथेच पैसे वाचवले जातात! पट्टाही नीट ताणलेला हवा, नाहीतर घसरतो. शिवाय १२० हा आकडा इंजिन वेगात फिरतानाचा. वरातीत आयडलिंगवर उभ्या गाडीत करंट बराच कमी मिळतो.