जुन्या सरकारी नोंदी आणि कुटुंबाचा इतिहास : माहितीचा अधिकार कसा वापरावा

पणजोबांचे नाव बहुतेक विद्यार्थ्यांना सांगता येते. पणजीचे माहेरचे नाव विचारले की वर्ग गप्प होतो. घरात कोणाला ते आठवत नसले तरी कुठल्या तरी तहसील कचेरीच्या किंवा शाळेच्या जुन्या वहीत ते लिहिलेले असण्याची शक्यता बरीच असते. ही वही सरकारची आहे, त्यातले माणूस तुमचे आहे. मग ती पाहण्याचा हक्क कोणाचा, हा या टिपणाचा विषय.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न आहे असे समजू नका. महाराष्ट्रात राखीव जागेवर अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ठराविक तारखेपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाची जागा आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरच्या एका ओळीवर अवलंबून राहते. आसाममध्ये तर नागरिकत्वच अशा ओळींवर ठरले. १९५१ ची नागरिक नोंदवही आणि २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदार याद्या यांत पूर्वजाचे नाव दाखवून त्याच्याशी आपले नाते सिद्ध करावे लागले. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ जण बाहेर राहिले.

आधी बाहेरच्या देशातली दोन उदाहरणे पाहू, कारण वादाचे मुद्दे तिथे स्वच्छ दिसतात.

ब्रिटनमध्ये जनगणनेचे कागद शंभर वर्षे बंद ठेवण्याची पद्धत होती. त्यानुसार १९११ ची जनगणना २०१२ मध्ये खुली व्हायची होती. या जनगणनेत कुटुंबप्रमुखांनी स्वतःच्या हाताने भरलेले मूळ तक्ते जपलेले आहेत, त्यामुळे वंशावळीचे अभ्यासक त्यांची फार वाट पाहत होते. त्यांपैकी एकाने माहितीच्या कायद्याखाली एका पत्त्यावरची माहिती मागितली. ‘ही माहिती लोकांनी विश्वासाने दिली होती’ असे कारण देऊन राष्ट्रीय अभिलेखागाराने नकार दिला. प्रकरण माहिती आयुक्तांकडे गेले आणि डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिला. गुप्ततेची कायदेशीर हमी जनगणनेच्या १९२० च्या कायद्याने आली, १९११ ची गणना त्याआधीची. शिवाय कोण कोणत्या घरात राहत होते, वय काय, धंदा काय, ही माहिती इतक्या वर्षांनी संवेदनशील राहत नाही. परिणामी जानेवारी २००९ पासून हे तक्ते ऑनलाइन आले. मात्र ज्या रकान्यात घरातील व्यक्तीचे अंधत्व, बहिरेपण किंवा मानसिक आजार लिहिला होता तो रकाना २०१२ पर्यंत झाकून ठेवला. मला हा तोडगा फार योग्य वाटतो. एका रकान्यात नाजूक माहिती आहे म्हणून सगळी वही कुलपात घालायची गरज नसते.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. ‘रिक्लेम द रेकॉर्ड्‌स’ या संस्थेने शहराच्या अभिलेखागाराकडे १९०८ ते १९२९ या काळातल्या विवाह परवान्यांची फक्त सूची मागितली. दाद लागेना तेव्हा २०१५ मध्ये राज्याच्या माहिती कायद्याखाली न्यायालयात धाव घेतली. २०१६ मध्ये मायक्रोफिल्मची ४८ रिळे त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली. इथे मागणी सूचीची होती, हे लक्षात घ्या. लाखो नोंदी असलेल्या कचेरीत सूची नसेल तर नोंद असून नसल्यासारखी. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे या. एक दार बंदच आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जनगणनेच्या वह्या पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि त्यांतली नोंद पुरावा म्हणूनही चालत नाही. शंभर वर्षांनी खुले होण्याची तरतूद त्यात नाही.

बाकीची दारे मात्र समजतो त्यापेक्षा जास्त उघडी आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ चे कलम १७ पाहा. त्यानुसार कोणीही व्यक्ती निबंधकाकडे नोंदीचा शोध घेण्याची मागणी करू शकते आणि उतारा घेऊ शकते. फक्त मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण देत नाहीत. ब्रिटनच्या झाकलेल्या रकान्याचीच ही आपली आवृत्ती.

आता माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. कुटुंबाच्या इतिहासासाठी मागणाऱ्याला खिडकीवर नेमका हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून हे कलम पाठ असू द्या. नकार येतो तो बहुधा कलम ८(१)(जे) खाली, ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ असे म्हणून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या उपकलमातली सार्वजनिक हिताची कसोटी काढून टाकून ते आणखी कडक केले. ती कसोटी कलम ८(२) मध्ये मात्र अजून आहे. पण आपल्या विषयासाठी खरे महत्त्वाचे कलम ८(३). अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती द्यावीच लागते. अपवाद तीनच : देशाची सुरक्षा व सार्वभौमत्व, संसद वा विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. व्यक्तिगत माहितीचे उपकलम या तिघांत नाही. १९३५ सालच्या नोंदीला ‘व्यक्तिगत’ म्हणून नाकारले तर अपिलात हे कलम क्रमांकासह लिहा. कित्येक अर्जदारांना ते माहीतच नसते, आणि काही अधिकाऱ्यांनाही.

अर्ज कसा लिहावा यावर बरेच काही ठरते. ‘माझ्या आजोबांची माहिती द्यावी’ असा अर्ज केला तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येते, आणि त्यात कारकुनाचा फारसा दोष नसतो. कायद्याने मिळतो तो अस्तित्वात असलेला कागद, शोधून तयार केलेले उत्तर नव्हे. म्हणून गाव, तालुका, वहीचे नाव आणि वर्षे लिहा : ‘मौजे अमुक, गाव नमुना १४ (कोतवाल बुक), सन १९३० ते १९४०’. वर्ष नक्की नसेल तर प्रत न मागता निरीक्षण मागा. कलम २(जे) प्रमाणे अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा, टिपणे घेण्याचा आणि साक्षांकित प्रती मिळवण्याचा हक्क आहे. केंद्राच्या नियमांत पहिला तास मोफत आहे, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. अर्जाचे शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, आपापल्या राज्याचे पाहून घ्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची. ते आले नाही किंवा पटले नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील आणि प्रथम अपिलाच्या निर्णयानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

सर्वांत चिवट उत्तर म्हणजे ‘अभिलेख सापडत नाही’. नष्ट केलेला कागद आणि न सापडणारा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमाने नष्ट केला असेल तर त्याचीही नोंद हवी, ती मागा. महसुली कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत ठेवले जातात आणि अ वर्ग कायम जपायचा असतो. तेव्हा तुमची वही कोणत्या वर्गातली, हेही विचारा. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ प्रमाणे तर १८९२ पूर्वीचा अभिलेख, तो निरुपयोगी होण्याइतका खराब झाल्याखेरीज, नष्टच करता येत नाही. एकेकाळी असलेली माहिती केवळ ‘सापडत नाही’ म्हणून नाकारता येणार नाही, कसून शोध घ्यावा आणि जबाबदारी निश्चित करावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ च्या एका निकालात म्हटले आहे.

एक मर्यादा सांगायलाच हवी. हा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबाला कोकणातले मूळ गाव शोधायचे असेल तर या कायद्याखाली अर्ज इथल्या एखाद्या नातलगालाच करावा लागेल.

कागद हाती आल्यावर दुसरे काम सुरू होते. महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, मराठवाड्यात निजामकाळातल्या उर्दूतही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना गावोगावी बोलावणे आले, आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. त्या आरक्षणाच्या वादात इथे शिरायचे कारण नाही. मात्र सरकारने ठरवले तर जुन्या वह्या थोड्या काळात लोकांसमोर येऊ शकतात, हे त्यातून दिसले. मोडी नोंदीत आडनाव अनेकदा नसतेच, फक्त नाव आणि बापाचे नाव असते. एकाच गावात ‘राणू बिन संतू’ दोन निघू शकतात. म्हणून नोंदीच्या पानाबरोबर आधीची आणि नंतरची दोन-दोन पानेही मागून घ्या. भाऊबंद आणि शेजारी यांच्या नावांवरून आपला राणू कोणता ते ओळखता येते.