पेला तोच, परिणाम वेगळा

हडपसरजवळ मांजरी येथे वसंतदादा साखर संस्था आहे. साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून मद्यार्क कसा मिळवावा, याचे संशोधन तेथे चालते. दारूतला मादक पदार्थ हाच.

पोटात गेलेला मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो. चरबीत फारसा शिरत नाही. पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते, स्त्रीच्या वजनात सुमारे ५०. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणात ३६ लिटर, तर तेवढ्याच वजनाच्या तरुणीत ३० लिटर. चमचाभर मीठ कमी पाण्यात टाकले तर ते पाणी अधिक खारट लागते ना? तसेच हे. सारखीच दारू प्यायल्यावर तरुणीच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण अधिक चढते.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच मद्यार्काचा निचरा करते. कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ हा वेग वाढवू शकत नाही. म्हणून महाविद्यालयीन मुलींनी पैजेने भराभर पिणे फार धोक्याचे. पिणे थांबले तरी पोटातला मद्यार्क रक्तात उतरतच राहतो आणि मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावू शकते.

अशी मैत्रीण हाकेला ओ देत नसेल, तर ‘झोपू दे तिला’ म्हणून निघून जाऊ नये. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून तिला कुशीवर वळवावे, जवळ थांबावे आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.