वाहन चालवतानाचे अनवधान

वाहन चालवतानाचे अनवधान म्हणजे वाहन चालू असताना चालकाचे डोळे, हात किंवा विचार रस्त्यावरून हटून दुसऱ्या गोष्टीत गुंतणे. मोबाईलवर बोलणे, संदेश वाचणे वा लिहिणे, नकाशाच्या पडद्याकडे पाहत राहणे, खाणेपिणे, सहप्रवाशाशी वादात गुंतणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा अनवधानामुळे अपघात झाल्यास भारतात चालकावर तीन प्रकारची जबाबदारी येऊ शकते : मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालील दंड किंवा कारावास, भारतीय न्याय संहितेखालील फौजदारी खटला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील नुकसानभरपाई. वेग किंवा मद्यपान यांच्या तुलनेत अनवधानाचा मागमूस अपघातानंतर सहसा उरत नाही. त्यामुळे या विषयात कायद्याच्या तरतुदींइतकेच पुराव्यालाही महत्त्व आहे.

स्वरूप

अनवधानाचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. नजर रस्त्यावरून हटणे हा दृष्टीचा, हात सुकाणूवरून किंवा हँडलवरून सुटणे हा हातांचा आणि मन दुसरीकडे लागणे हा विचारांचा प्रकार होय. मोबाईलवर संदेश लिहिताना हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडतात.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. संदेश वाचण्यासाठी नजर तीन सेकंद खाली गेली, तर वाहन सुमारे ४२ मीटर पुढे गेलेले असते आणि एवढे अंतर चालकाने रस्ता न पाहता पार केलेले असते. ब्रेक लावण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते.

टोरांटो येथील संशोधक रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील आरंभीच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी आहे. वाहन चालवताना फोनवर बोलत असल्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यात आढळले. फोन हातात न धरता बोलण्याची सोय वापरल्याने धोका लक्षणीयरीत्या कमी होत असल्याचेही त्यात दिसले नाही. हात मोकळे असले तरी मन संभाषणात गुंतलेले असते, हे त्याचे कारण मानले जाते.

नोंदीतील प्रमाण

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये भारतात ४,१२,४३२ रस्ते अपघात होऊन १,५३,९७२ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी मोबाईलच्या वापरामुळे झालेले म्हणून नोंदवलेले अपघात १,९९७ होते आणि त्यांत १,०४० मृत्यू झाले. २०२२ मध्ये रस्ते अपघातांतील एकूण मृत्यूंची संख्या १,६८,४९१ वर गेली.

मोबाईलच्या वापराचे हे नोंदवलेले प्रमाण एकूण अपघातांच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. ही वर्गवारी पोलिसांच्या नोंदींवर आधारलेली असते. अतिवेग, चुकीची बाजू किंवा सिग्नल तोडणे या गोष्टी घटनास्थळाची स्थिती व साक्षीदार यांवरून ठरवता येतात. धडकेच्या क्षणी चालकाची नजर कोठे होती हे मात्र चालकाखेरीज क्वचितच कोणाला माहीत असते. त्यामुळे हे आकडे अनवधानाचे खरे प्रमाण नव्हे, तर त्याचा सिद्ध किंवा मान्य झालेला भाग दाखवतात.

विश्रांतवाडी परिसर

पुणे शहराच्या ईशान्य भागातील विश्रांतवाडी हे आळंदी रस्त्यावरील उपनगर आहे. धानोरी, कळस, टिंगरेनगर आणि लोहगाव विमानतळाकडील वाहतूक येथे एकत्र येते. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे येताना याच मार्गाने येते. संगमवाडी ते विश्रांतवाडी हा जलद बससेवेचा, म्हणजे बीआरटीचा, मार्ग २०१५ मध्ये सुरू झाला. या व्यवस्थेत बसथांबे रस्त्याच्या मध्यभागी असतात. थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी प्रवाशांना इतर वाहनांची मार्गिका पायी ओलांडावी लागते.

अशा रस्त्यावर अनवधानाचा पहिला फटका पादचाऱ्यांना आणि दुचाकीस्वारांना बसतो. वाहन हळू जात असले तरी समोरून रस्ता ओलांडणारी व्यक्ती काही सेकंदांतच वाहनापुढे येते. थांबत थांबत पुढे सरकणाऱ्या रांगेत चालकाला फोन पाहण्याचा मोह होतो आणि रांग हलताच समोरच्या दुचाकीकडे किंवा पादचाऱ्याकडे लक्ष न जाण्याचा धोका निर्माण होतो.

मोटार वाहन अधिनियम

या अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये धोकादायक रीतीने वाहन चालवण्याबद्दल शिक्षा सांगितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला स्पष्टीकरण जोडण्यात आले. वाहन चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनाचा वापर, सिग्नल तोडणे, वाहतुकीच्या दिशेविरुद्ध वाहन चालवणे इत्यादी कृत्यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. या कलमासाठी अपघात घडलेला असणे आवश्यक नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार, चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यासाठी असे साधन वापरता येते. वाहन चालवताना मोबाईल वापरणे हे चालनपरवाना निलंबित होण्याचेही एक कारण आहे.

अल्पवयीन व्यक्तीने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर किंवा मालकावर असतो.

फौजदारी जबाबदारी

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कलम १२५ दुखापत आणि गंभीर दुखापत यांच्याशी संबंधित आहे. हयगयीमुळे मृत्यू घडल्यास कलम १०६(१) नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होतो. पूर्वीच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम १०६(२), वाहनचालकांच्या देशव्यापी विरोधानंतर, संहितेच्या इतर तरतुदींबरोबर अमलात आणले गेले नाही.

हयगय आणि सदोष मनुष्यवध यांतील सीमा ॲलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तपासली गेली. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे मुंबईतील वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार जाऊन सात जणांचा मृत्यू झाला व आठ जण जखमी झाले. सत्र न्यायालयाने चालकाला हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती बदलून खुनाच्या व्याख्येत न मोडणाऱ्या सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांचा कारावास ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी हा निर्णय कायम ठेवला. मद्यपान करून वाहन चालवणाऱ्याला आपल्या कृत्याने मृत्यू घडू शकतो याची जाणीव होती काय, हा यातील निर्णायक प्रश्न होता. जाणीव सिद्ध झाली नाही तर प्रकरण हयगयीच्या कलमातच राहते. मोबाईलमुळे झालेल्या अपघातांतही हाच निकष लागू होतो.

नुकसानभरपाई

फौजदारी खटल्यात चालकाला शिक्षा होते. अपघातग्रस्ताच्या उपचारांचा आणि कुटुंबाच्या उपजीविकेचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी अधिनियमाच्या कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाची निवड करता येते. विश्रांतवाडीतील अपघाताचा दावा पुण्याच्या न्यायाधिकरणापुढे दाखल होऊ शकतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे; या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

चालकाबरोबर वाहनमालक आणि विमा कंपनी यांनाही प्रतिवादी केले जाते. तृतीय पक्षाचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. चालकाकडे वैध परवाना नसल्यास कंपनीने आधी अपघातग्रस्ताला रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. २००४ च्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरणसिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तत्त्वे मांडली.

मृत्यूच्या प्रकरणात भरपाई मोजण्याची रीत सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी निश्चित केली. समजा, महिना २०,००० रुपये मिळवणारी, स्वतःचा व्यवसाय करणारी ३० वर्षांची व्यक्ती मरण पावली आणि तिच्यावर तिघे अवलंबून होते. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये होते. भावी वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवल्यावर ३,३६,००० रुपये होतात. मृत व्यक्तीच्या स्वतःच्या खर्चासाठी एक तृतीयांश वजा केल्यावर २,२४,००० रुपये उरतात. या वयासाठीच्या १७ या गुणकाने गुणल्यावर ३८,०८,००० रुपये ही रक्कम येते. अंत्यसंस्कार, संपत्तीची हानी आणि सहवासाची हानी यांसाठी ठरावीक रकमा त्यात मिळवल्या जातात.

अपघातग्रस्ताचीही चूक असल्यास, उदाहरणार्थ फोन पाहत रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याच्या बाबतीत, त्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते. कलम १६४ नुसार मात्र कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मागता येतात. ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. वाहन सापडलेच नाही तर शासकीय योजनेतून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये दिले जातात.

पुरावा

फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. न्यायाधिकरणापुढे संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, एवढे पाहिले जाते. त्यामुळे खटल्यातून निर्दोष सुटलेल्या चालकाच्या अपघातातही भरपाई मंजूर होऊ शकते.

अनवधान सिद्ध करण्यासाठी पुढील साधने उपयोगी पडतात. कॉलच्या नोंदीवरून धडकेच्या वेळी संभाषण चालू होते का हे कळते. पडदा पाहिला जात होता का, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी फोनची न्यायवैद्यक तपासणी करावी लागते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात धडकेपूर्वी टायर घासल्याच्या खुणा नसल्यास चालकाने ब्रेकच लावला नाही असा कयास करता येतो. परंतु चाक अडकू न देणारी ब्रेकप्रणाली असलेल्या वाहनांत अशा खुणा मुळातच कमी उमटतात. दुकाने, सोसायट्या आणि चौक येथील सीसीटीव्ही चित्रण महत्त्वाचे असले तरी ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

२०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताची प्राथमिक माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला कळवायची असते. अंतरिम अहवालासाठी ५० दिवस आणि सविस्तर अहवालासाठी ९० दिवस दिलेले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीबाबत निर्देश दिले.

कल्याणीनगर अपघात

१९ मे २०२४ रोजी पहाटे विश्रांतवाडीच्या दक्षिणेस असलेल्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली. त्यात दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याने मद्यपान केले होते, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्याने देशभर टीका झाली. नंतर मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवले. मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी त्याची सुटका केली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. जुलै २०२५ मध्ये मंडळाने मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली.

हे प्रकरण अनवधानाचे नसून मद्यपानाच्या आरोपाचे आहे. तथापि वाहन अल्पवयीनाच्या हाती देणाऱ्यांची जबाबदारी आणि पहिल्या काही तासांतील पुराव्याचे महत्त्व हे दोन्ही मुद्दे त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आले. रक्तातील मद्याचे प्रमाण जसे तासागणिक घटते, तसेच अनवधानाचा पुरावाही अल्पकाळच टिकतो.

अपघातानंतरची कर्तव्ये

कलम १३४ नुसार चालकाने जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळेल यासाठी प्रयत्न करणे आणि पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. जमावापासून धोका असल्यास मदत पुरवण्याच्या कर्तव्यातून सूट मिळू शकते. सद्भावनेने मदत करणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४-अ संरक्षण देते. त्याला साक्षीदार होण्याची किंवा आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला अपघातापासून सात दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत रोख रक्कम न भरता मिळू शकतात.