काच भारी, पण बसवणी?

मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे. येथे पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो. दुकान बांधताना आपण काचेची जाडी विचारतो, बसवणी मात्र पाहत नाही.

भारी टायर घातला, पण अलाइनमेंट चुकले तर तो एका बाजूने झिजतो. दोष टायरचा नसतो. खिडकीचेही तसेच. चौकट ओळंब्यात व गुण्यात नसेल तर सरकता पल्ला अडकतो, फट राहते. काच थेट अॅल्युमिनियमला भिडली तर उन्हात ताण येऊन कडेने तडकते; म्हणून खाली रबराचे तुकडे व भोवती थोडी मोकळी जागा हवी. खालच्या पट्टीला पाणी बाहेर जाण्याची छिद्रे हवीत. भिंत व चौकट यांच्यातील सांध्यात बाहेरून सिलिकॉन भरावे.

टायरची हवा आपण वेळोवेळी पाहतो. तसेच दरवर्षी मृगापूर्वी छिद्रे साफ करावीत, कडक झालेले रबर बदलावे. खर्च थोडा, पण दुकानातील माल भिजण्यापासून वाचतो.

कारागीर बंधूंना आम्ही एवढेच सांगू : बसवणीची मजुरी वेगळी सांगा व काम चोख करा. पाणी गळाले की गिऱ्हाईक काचेला नव्हे, तुम्हालाच बोल लावते.