ऊसतोड कामगारांचा स्थलांतरातील स्वयंपाक

ऊसतोडणीच्या हंगामात गाव सोडून साखर कारखान्यांच्या परिसरात जाणारी कुटुंबे वाटेत व मुक्कामी जो स्वयंपाक करतात, त्याच्या पद्धती, साधने आणि इंधन यांचा विचार या लेखात केला आहे. महाराष्ट्रात असे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर बीड जिल्ह्यातून होते.

पार्श्वभूमी

बालाघाट डोंगररांगेतील शेती प्रामुख्याने कोरडवाहू आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे गाव सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, परततात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. बीड तालुक्यातील मांजरसुंबा हे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील गाव असून तेथून पाटोदा-जामखेड आणि केज-अंबाजोगाई या दिशांनाही रस्ते जातात.

प्रवास

ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसांसोबत तवा, परात, हंडे, ज्वारी-बाजरी, डाळी, तिखट-मीठ व सरपण असा संसार भरलेला असतो. धावत्या वाहनात चूल पेटवता येत नाही. त्यामुळे वाटेसाठी भाकरी, चटणी, ठेचा असे न नासणारे पदार्थ घरूनच बांधून नेतात. बैलगाडीने जाणारे मुक्कामाच्या जागी तीन दगडांची चूल मांडतात.

मुक्कामावरील स्वयंपाक

कारखान्याच्या तळावर किंवा उसाच्या फडाजवळ ‘कोप’ नावाची तात्पुरती झोपडी उभारली जाते. तोडणी पहाटेच सुरू होत असल्याने स्त्रियांना त्याआधी उठून पाणी आणणे, चूल पेटवणे व दिवसभराच्या भाकरी थापणे ही कामे उरकावी लागतात. त्यानंतर त्या पुरुषांच्या बरोबरीने फडात राबतात आणि सायंकाळी पुन्हा चुलीपुढे बसतात. शीतकपाट नसल्याने दूध व शिजलेली भाजी टिकत नाही. म्हणून पिठले, डाळ व कोरडी चटणी यांवर भर असतो.

इंधन आणि धोके

उसाचे पाचट सहज मिळते. परंतु ते भडकन पेटून लवकर विझते, म्हणून चुलीजवळून हलता येत नाही. कोप ठेंगणी असल्याने आत चूल पेटवल्यास धूर कोंडतो. त्याने डोळे चुरचुरतात व श्वसनाचे विकार बळावतात. आईजवळ बसणाऱ्या लहान मुलांनाही त्याचा त्रास होतो. झोपडी वाळलेल्या पाचटाची असल्यास एका ठिणगीनेही आग लागू शकते.

स्वयंपाकाच्या गॅसमुळे धूर टळतो. मात्र गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी मोकळ्या हवेत ठेवणे आवश्यक ठरते. घरगुती जोडणी गावच्या वितरकाकडे असल्याने १४.२ किलोचा सिलिंडर परजिल्ह्यात भरून घेणे अडचणीचे होते. २०२१ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा मिळाली. ५ किलोचा लहान सिलिंडर वाहून नेण्यास सोपा असतो.